नाव येऊ द्या, पण सावकाश

वाचकाचं पत्र: मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावचा. नागपूरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी घरी परतलो, आता धानाची शेती बघतो. घरात बायको, आई, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. गावाला मामा तलाव, म्हणजे मालगुजारीच्या काळातला जुना तलाव, आहे. लहानपणी त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून गरीनं मासे धरायचो, लेकरांनाही ते मिळावं असं फार वाटतं. बंद पडलेल्या एका सहल केंद्रातली जुनी फायबरची बोट विकायला आहे. चौदा फूट लांब, साडेचार फूट रुंद, पेट्रोलच्या इंजिनासकट. विकणारा म्हणतो, आठ माणसं आरामात बसतात. रविवारी सगळ्यांनी मिळून तलावात जावं, मासे धरावेत, काठावर चूल मांडावी, एवढीच इच्छा. पण बायकोचं माहेर चामोर्शीकडचं, नाव म्हटलं की ती उठून आत जाते. मच्छीमार संस्थेचे लोकही 'बघू' म्हणतात, पुढे काही बोलत नाहीत. बोट घेऊ की नको? घेतली तर काय काय लागेल?

भाऊ, नमस्कार.

बोट घ्या. इंजिन घेऊ नका. आणि घरच्यांना घेऊन पाण्यात उतरायचं ते पुढच्या हिवाळ्यात. मधल्या वर्षात करण्यासारखं इतकं आहे की वाट पाहतोय असं तुम्हाला वाटणारही नाही.

आधी वहिनींचं बोलू. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा बाया गेल्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात, झुंजजवळ, वर्धा नदीत एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं नावेसकट बुडाली. दशक्रियेसाठी जमलेले होते सगळे. वहिनींच्या माहेरी त्या सहा जणींपैकी कुणाची ओळख असेल, कुणाच्या घरी त्या भेटायलाही गेल्या असतील. तुम्ही नाव म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे रविवार असतो, त्यांच्या डोळ्यांपुढे ती नदी असते. तेव्हा 'काही होत नाही', 'आपला तलाव शांत आहे' असं त्यांना एकदाही म्हणू नका. त्यांना विचारा, काय काय असलं तर तू काठावर निश्चिंत बसशील? काठावर, नावेत नाही. त्या जे सांगतील ते कागदावर लिहून घ्या. माझी खात्री आहे, त्या कागदावरच्या निम्म्या गोष्टी मी पुढे लिहिणार आहे त्याच निघतील.

आता आठ माणसांचं. लहान बोटीचा एक ढोबळ हिशेब आहे: फुटांतली लांबी गुणिले फुटांतली रुंदी, भागिले पंधरा. तुमच्या बोटीचं गणित चौदा गुणिले साडेचार म्हणजे त्रेसष्ट, भागिले पंधरा म्हणजे चार पूर्णांक दोन. चार माणसं. आठ नाही, पाचही नाही. तुम्ही घरचे पाच आहात. लेकरं हलकी म्हणून अर्धी मोजायचा मोह होईल, पण नावेत लेकरू वजनाने हलकं असलं तरी हालचालीने जड असतं. मासा लागला की एकाच बाजूला धावतं. म्हणून लेकरू म्हणजे एक माणूस. आणि गरी, टोपली, दोर, पाण्याची कॅन घेऊन मासे धरायला बसायचं असेल तर मी तिघंच धरतो. आई आणि आणखी कुणी एक जण काठावर, दोन फेऱ्या करा. बसल्यावर बोटीचा काठ पाण्याच्या वर निदान एक वीत मोकळा दिसला पाहिजे. तेवढा दिसत नसेल तर एकाने उतरायचं, मग तो पाहुणा का असेना.

मी हे इतक्या आग्रहाने का लिहितो ते सांगतो. माझे वडील आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते. तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, केव्हा उघडायचं, कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, किती पाणी द्यायचं, ते त्यांच्याकडे. मी बारा वर्षांचा असताना मासेमारी करणाऱ्या एका ढिवरकाकांच्या डोंग्यात, छोट्या नावेत, बसून गरी टाकत होतो. मोठी मरळ लागली, मी उभा राहिलो, आणि डोंगा एका क्षणात पालथा. पाणी छातीपेक्षा थोडंच जास्त होतं, पण खाली गाळ आणि कमळाचे देठ. पाय अडकले. काकांनी केसाला धरून वर काढलं. त्या दिवसापासून नावेत उभं राहणारं माणूस दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या लेकरांचा पहिला नियम हाच असू द्या: नावेत बसायचं, सरकायचं असेल तर बसूनच सरकायचं, आणि मासा लागला तरी उठायचं नाही.

संस्थेच्या लोकांचं 'बघू' हा नकार नाही आणि होकारही नाही. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सारा वसूल करणाऱ्या जुन्या गावमालकांच्या, मालगुजारांच्या, ताब्यातले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. तुमच्याच तालुक्यातला नवेगावबांध कोलू पाटील कोहळीने बांधला असं आपल्याकडे सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पाण्यावर गावाचा निस्तार हक्क असतो: गुरांना पाणी, धुणं, आंघोळ. पण मासळीचा ठेका संस्थेकडे असतो. त्या ठेक्याचे पैसे ते भरतात, पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, विकत आणून तेच सोडतात, रात्री राखण तेच करतात. तुम्ही लहानपणी पाळीवरून गरी टाकत होता तेव्हा कुणी काही म्हणालं नसेल, कारण तुम्ही लेकरू होता. आता तुम्ही चौदा फुटी बोट आणि इंजिन घेऊन येताय. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं?

एकटेच जा. संस्थेच्या बैठकीच्या दिवशी जा, पाय पसरून बसा, चहा घ्या. बोट घेतल्यावर जाऊ नका, आधी जा. सांगा की जाळं टाकणार नाही, गरीच टाकणार, धरलेला एकही मासा विकणार नाही, आणि संस्था म्हणेल ती वर्षाची रक्कम भरणार. बोटुकली सोडल्यावर किती दिवस गरी बंद ठेवायची ते त्यांनाच विचारा. शिंगाड्याचे वेल कुठे लावलेत, रात्रीची जाळी कुठे बांधलेली असतात, तेही विचारून घ्या, कारण तुमचं वल्हं त्यात गेलं तर नुकसान त्यांचं. आमच्या त्या काकांनी मला एकदा सांगितलं होतं, "गरीनं कितीक मासोऱ्या जातीन जी? पन इचारलं पायजे." मला आजही त्यापेक्षा वेगळं काही सुचत नाही. जे ठरेल ते दोन ओळींत लिहून सह्या करून ठेवा. तलाव कुणाच्या ताब्यात आहे तेही बघा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे पाटबंधाऱ्याकडे. त्या कार्यालयात एक अर्ज द्या, ग्रामपंचायतीत नावेची नोंद करा. तुमचा तलाव जंगलाला लागून असेल आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या राखीव हद्दीत त्याचा तुकडा जात असेल, तर त्या तुकड्यात गरी नाही आणि बोटही नाही.

आणि एक मनापासून सुचवतो. संस्थेतल्या एखाद्या वयस्क ढिवर बाबांना तुमच्या घरी जेवायला बोलवा आणि लेकरांना शिकवाल का म्हणून विचारा. पाण्याचा रंग बघून मासा कुठे बसलाय हे सांगणारी माणसं आपल्या गावात आहेत, आणि आपण मोबाइलवर शोधत बसतो. शिकवल्याचे पैसे द्या, फुकट मागू नका.

इंजिन का नको, ते एव्हाना लक्षात आलं असेल. मामा तलावात फेब्रुवारीपासून पाणी उतरतं, वनस्पती वर येते, पंखा पहिल्याच रविवारी वेलात गुंततो. गुंतलेला पंखा सोडवायला माणूस मागच्या टोकाला वाकतो आणि तिथेच बोट पाणी घेते. पेट्रोलचा तवंग गुरांच्या पाण्यावर पसरतो तो वेगळाच. शिवाय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनाच्या नावेला तपासणी आणि नोंदणी लागते. एवढ्याशा तलावाला दोन वल्ही आणि एक लांब बांबू पुरतो. विकणाऱ्याला सांगा, इंजिन तुझ्याकडेच ठेव, किंमत कमी कर.

बोट बघायला जाल तेव्हा उन्हात, दिवसा जा. नाण्याने किंवा पेचकसाच्या मुठीने सगळ्या अंगावर ठोकत जा. टणटणीत आवाज आला की फायबर घट्ट आहे. मध्येच बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन कसलेलं आहे, तिच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. तिच्या आत बहुधा लाकूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी जाऊन ते कुजतं. इंजिन धरून हलवा. फळी हलली तर लाकूड गेलंय. मग बोट विटांवर सरळ ठेवून आत चार-पाच बोटं पाणी भरा आणि अर्ध्या तासाने खालून बघा कुठे ओल येते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा नुसत्या वरच्या रंगात असतील तर घाबरू नका. जिथून थेंब येतो ती चीर मात्र खरी. ती घासून, पुरती सुकवून, वर फायबरची चटई आणि रेझिनचे दोन-तीन थर चढवतात. हे काम साकोली-गोंदियाकडच्या एखाद्या फायबरवाल्याकडून करून घ्या. स्वतः केलंत तर तोंडाला चांगला मास्क बांधा, ती धूळ छातीत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, आणि ही विकत घेतल्यावर घाटावर, कमरेएवढ्या पाण्यात करायची. कुणीही आत नसताना बोट पाण्याने काठोकाठ भरा. फायबर पाण्यापेक्षा जड असतं, लाकडासारखं तरंगत नाही. बोट तळाला गेली तर याचा अर्थ उलटल्यावर तुमच्या लेकरांना धरायला काहीच उरणार नाही. म्हणून बसायच्या फळ्यांखाली आणि दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, फोम बसवायचा. तळाशी नाही, कारण तळाला बसवला तर पाणी भरल्यावर बोट पालथी होते. एक लिटर फोम जवळपास एक किलो वजन उचलून धरतो. दीडशे किलोची फायबरची बोट नुसती तरंगत ठेवायला पन्नास-साठ लिटर लागतो, माणसांनी धरायचं म्हणून दीडशे लिटर भरा. इथे एक चूक बरेच जण करतात: थर्मोकोल भरतात आणि त्यावर रेझिन लावतात. रेझिनने थर्मोकोल विरघळतो. तोच वापरायचा असेल तर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रेझिनचा हात लागू देऊ नका. फोम भरल्यावर पुन्हा बोट पाण्याने भरा आणि या खेपेला वहिनींना घाटावर उभं करून दाखवा. भरलेली बोट तरंगते आहे आणि तुम्ही दोघे जण तिला धरून आहात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही. जॅकेटवर किती वजनाच्या माणसाचं ते छापलेलं असतं, मुलाचं वजन करून मगच घ्या. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठं घेऊ नका. घालून पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर उचला. हनुवटी आणि कान आत गेले तर ते सैल आहे. नऊ वर्षांच्या मुलाला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. ट्रॅक्टरची ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे. नावेत एक डबा पाणी उपसायला, एक शिट्टी, वीस-पंचवीस फूट मोकळा दोर. वाळूचं पोतं नांगर म्हणून टाकाल ते नेहमी पुढच्या टोकाला बांधा. मागे किंवा बाजूला बांधलं आणि वारा सुटला तर लाट सरळ आत येते. पाण्यात पडलेलं माणूस वर घ्यायचं ते मागून, बाजूने नाही. दोराला फास करून मागे पायरीसारखा लोंबत ठेवा. उन्हाळ्यात लेकरांना घाटावर पोहणं शिकवा आणि हे मागून वर चढणंही दहा वेळा करून घ्या.

बोट पाळीवरून ओढून नेऊ नका, पाळीची माती आणि दगड सुटतात. घाटावरूनच उतरवा. तुडुम आणि सांडव्यापासून लांब राहा, विशेषतः पाणी सोडलेलं असताना. आणि ढगाचा आवाज कानावर आला की काठ गाठायचा, मग मासा लागलेला असला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये घ्या, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

या सगळ्यात मासे राहूनच गेले. पहिलं वर्ष पाळीवरूनच धरा, बांबूची काठी, बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा), मोरपिसाच्या देठाचा तरंगा, एवढ्यावर. थंडीत रोहूची भूक मंदावते, फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी बघा. कणकेत शेंगदाण्याची ढेप मळून गोळी करा, मरळीला गांडूळ किंवा छोटी बेडकी. मोहाची ढेप चुकूनही वापरू नका, तिच्यातल्या विषाने मासे मरतात. पाणी विषारी करून किंवा सुरुंगाने मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, ढेप चारा म्हणून टाकली तरी मासे मरायचे ते मरतातच. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. लेकराच्या बोटात रुतला तर सरळ निघतो, आणि सोडून द्यायचा मासा जिवंत राहतो. शिंगी लागली तर मुलांना हात लावू देऊ नका, तिच्या बाजूच्या काट्यात विष असतं. लागलाच काटा तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा आणि दवाखान्यात न्या.

पावसाळ्यात मात्र गरी खुंटीवर. चढणीचे मासे तलावातून ओढ्याने, बांधीने वर जातात ते अंडी घालायला. त्याच दिवसांत मरळीची पिल्लं दिसतात. पाण्याच्या वरच्या थरावर तांबूस, शेंदरी ठिपक्यांचा पुंजका हळूहळू सरकत असतो आणि खाली आई-बाप राखण करत फिरतात. तिथे गरी टाकली की राखणारा मासा लगेच येतो, म्हणून लोक टाकतात. तो एक गेला की दुसरे मासे तासाभरात सगळी पिल्लं खाऊन टाकतात. तुमच्या मुलीला तो पुंजका जरूर दाखवा. पाळीवर बसून, गरीशिवाय, तासभर. मला तर वाटतं, तुमच्या पत्रात तुम्ही लेकरांसाठी जे मागितलंय ते यातच जास्त आहे.

तंगूस तुटला तर तुकडा खिशात घालून घरी आणा. हिवाळ्यात पाणपक्षी येतात, त्यांच्या पायाला तो गुंडाळला की सुटत नाही.

तेव्हा या महिन्यात दोनच कामं करा: संस्थेच्या बैठकीला जा आणि वहिनींचा कागद लिहून घ्या. बोटीच्या मालकाला अजून बयाणा देऊ नका. बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, साडेचार फूट रुंदी त्याने बाहेरच्या काठाची सांगितलीय की आतली, ते मोजा. आतली चार फूटच निघाली तर चौदा गुणिले चार, भागिले पंधरा, चार माणसांची पावणेचारच होतात, मग तीनच धरायची. ते माप आणि मागच्या फळीवर ठोकल्यावर आलेला आवाज मला कळवा, मग किमतीचं बोलू.